‘सर्व्हर चालू आहे’ या विधानाचा अर्थ : कमांड लाइनवरून प्रक्रियांच्या स्थितीची तपासणी

सारांश

प्रस्तुत लेखात लिनक्स सर्व्हरवरील प्रक्रियांची स्थिती कमांड लाइनवरून कशी वाचावी याचे विवेचन केले आहे. प्रक्रिया अस्तित्वात असणे, सेवा सुरू असल्याची नोंद व्यवस्थापक आज्ञावलीकडे असणे आणि वापरकर्त्याचे काम प्रत्यक्ष पार पडणे या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची उत्तरेही भिन्न आज्ञांतून मिळतात, हे एका घडलेल्या प्रसंगाच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

बीजशब्द : लिनक्स, प्रक्रिया, कमांड लाइन, सर्व्हर, डेटाबेस, भार-सरासरी

प्रस्तावना

सन २००९ च्या मार्च महिन्यात, अंतर्गत गुण संगणकात भरण्याच्या अखेरच्या दिवशी, एका महाविद्यालयातील सर्व्हर दुपारी अडीचच्या सुमारास ‘अडकला’. संकेतस्थळाचे मुखपृष्ठ उघडत होते. गुण भरण्याचे पान मात्र जतन करण्याची कळ दाबल्यावर जागचे हलत नव्हते. संगणकशास्त्र विभागातील आम्ही तिघे सर्व्हरपाशी जमलो. एकाने प्रक्रियांची यादी काढून अपाचे चालू असल्याचे सांगितले. दुसऱ्याने मायएसक्यूएल चालू असल्याचे सांगितले. दोन्ही विधाने खरी होती. तिसऱ्याने, म्हणजे प्रस्तुत लेखकाने, ‘चालू असूनही काम करीत नाही, त्या अर्थी तीच बिघडली असणार’ असा तर्क केला आणि मायएसक्यूएलची प्रक्रिया सक्तीने बंद केली. क्षणार्धात ती आपोआप पुन्हा सुरू झाली, यादीत पुन्हा दिसू लागली आणि गुणांचे पान पुन्हा अडकले.

बहुतेक महाविद्यालयांत सर्व्हरची देखभाल एखाद्या अध्यापकाकडेच सोपविलेली असते. अध्यापन, परीक्षा आणि समित्यांची कामे सांभाळून तो हे करतो. त्याला आज्ञा ठाऊक असतात, कारण त्या अभ्यासक्रमात असतात. त्यांच्या उत्तरांचा अर्थ लावण्याची सवय मात्र अभ्यासक्रमातून लागत नाही. प्रस्तुत लेखाचा भर आज्ञांच्या यादीपेक्षा या अर्थ लावण्यावर आहे. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावयाची असतात, हे जाणकार वाचकांस सांगावयास नको.

प्रक्रिया आणि तिच्या अवस्था

डिस्कवर पडून असलेली आज्ञावली ही केवळ एक फाइल असते. ती स्मृतीत आणून कर्नलने तिला एक क्रमांक दिला, की तिची प्रक्रिया होते. हा क्रमांक म्हणजेच पीआयडी. प्रत्येक प्रक्रियेला एक पालक प्रक्रिया असते आणि ही वंशावळ क्रमांक १ च्या प्रक्रियेपर्यंत जाऊन पोहोचते. एखाद्या क्षणी प्रक्रिया कोणत्या अवस्थेत आहे हे कर्नल एका अक्षराने सांगतो.

‘आर’ म्हणजे प्रोसेसरवर असलेली किंवा त्याच्या रांगेत उभी असलेली प्रक्रिया. ‘एस’ म्हणजे कशाची तरी वाट पाहत निजलेली, परंतु हाक दिल्यास जागी होणारी. ‘टी’ म्हणजे थांबवून ठेवलेली. नवख्या व्यवस्थापकाचा पहिला गोंधळ ‘एस’ या अक्षरापाशी होतो. सर्व्हरवरील बहुतांश प्रक्रिया बहुतांश वेळ याच अवस्थेत असतात आणि तसे असणे हेच त्यांचे आरोग्य होय. विनंती येईपर्यंत अपाचेने दुसरे काय करावे? म्हणून ‘एस’ हे बिघाडाचे लक्षण नाही. पण ते बिघाड नसल्याचा पुरावाही नाही. आमच्या प्रसंगात हाच मुद्दा कळीचा ठरला असता.

‘डी’ ही अवस्था अधिक गंभीर आहे. डिस्क किंवा नेटवर्कवरील फाइल-व्यवस्था यांच्याकडून उत्तर येईपर्यंत प्रक्रिया अशा निद्रेत जाते की तिला उठविता येत नाही. कोणताही संदेश, अगदी सक्तीने बंद करण्याचाही, बहुधा ते उत्तर येईपर्यंत तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा ‘किल’ देणे निरर्थक असते. दोष प्रक्रियेत नसून ती ज्याची वाट पाहते आहे त्यात असतो. एखादी प्रक्रिया क्षणभर ‘डी’मध्ये दिसली तर काळजी नको, मिनिटभर तेथेच राहिली तर डिस्ककडे पाहावे.

‘झेड’ अर्थात झॉम्बी ही अवस्था नावामुळे उगीचच भीतिदायक वाटते. ही प्रक्रिया आधीच संपलेली असते. तिची स्मृती परत घेतलेली असते. ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदीचा उतारा घेण्यास वारस आलाच नाही, तर ते पान तसेच उघडे राहावे, तशी तिची एक ओळ कर्नलच्या नोंदीत उरते. पालक प्रक्रियेने तिच्या समाप्तीची दखल घेतली की ती ओळ पुसली जाते. मेलेल्यास पुन्हा मारता येत नाही; पाहावयाचे असते ते पालकाकडे.

‘पीएस’ची यादी कशी वाचावी

युनिक्सच्या प्रारंभीच्या काळापासून चालत आलेली ‘पीएस’ ही आज्ञा त्या क्षणाचे छायाचित्र देते. ‘पीएस एयूएक्स’ आणि ‘पीएस -ईएफ’ ही तिची दोन रूपे म्हणजे युनिक्सच्या दोन घराण्यांचा, बर्कली आणि सिस्टीम व्ही यांचा, वारसा आहे. लिनक्सने दोन्ही जपली. ही आज्ञा माहिती आणते ‘प्रॉक’ या निर्देशिकेतून. प्रक्रिया फाइलींच्या रूपात दाखविण्याची ही कल्पना टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये युनिक्सच्या आठव्या आवृत्तीसंदर्भात मांडली होती. लिनक्सने ती पुढे बरीच विस्तारली.

यादीतील प्रोसेसरच्या टक्केवारीचा स्तंभ सर्वाधिक दिशाभूल करतो. ‘पीएस’ दाखवीत असलेली टक्केवारी ही त्या क्षणाची नसते. प्रक्रियेने जन्मापासून वापरलेला प्रोसेसरचा वेळ भागिले तिचे वय, असे ते गुणोत्तर असते. आठवडाभर निवांत असलेली प्रक्रिया गेली दहा मिनिटे अखंड धावत असली, तरी या स्तंभात नगण्य आकडा दिसेल. चालू क्षणाचे चित्र हवे असल्यास ‘टॉप’ ही आज्ञा वापरावी. विल्यम लेफेव्हर यांनी १९८४ मध्ये लिहिलेली ही आज्ञा लागोपाठच्या दोन वाचनांतील फरक दाखविते. स्मृतीच्या स्तंभांबाबतही सावधगिरी हवी. अनेक प्रक्रिया स्मृतीचा काही भाग सामाईक वापरतात, त्यामुळे अपाचेच्या सर्व अपत्यांचे आकडे बेरजेला घेतले तर प्रत्यक्ष वापरापेक्षा मोठी संख्या मिळते.

उलट, ज्या स्तंभाकडे सहसा कोणी पाहत नाही तो, म्हणजे प्रारंभवेळेचा, फार बोलका असतो. सकाळपासून हात न लावलेल्या डेटाबेसची प्रारंभवेळ दुपारी अडीचची दिसली, तर मधल्या काळात तो कोसळून पुन्हा उभा राहिला आहे हे उघड होते. मायएसक्यूएलसोबत पूर्वीपासून येणारी ‘मायएसक्यूएलडी सेफ’ ही आज्ञावली नेमके हेच करते : मुख्य प्रक्रिया अनपेक्षितपणे संपल्यास ती मुकाट्याने नवी सुरू करते. पीआयडी बदललेला असतो, नाव मात्र तेच असते. नावापुरते पाहणाऱ्यास काही घडल्याचे कळतच नाही.

नावाने शोधण्याच्या रूढ पद्धतीतही एक गंमत आहे. ‘पीएस’चे उत्तर ‘ग्रेप’कडे देऊन त्यातून अपाचे शोधला, तर अपाचे बंद असतानाही एक ओळ हमखास मिळते. ती स्वतः ‘ग्रेप’चीच असते, कारण शोधावयाचा शब्द तिच्या आज्ञेतही असतो. खोलीत कोणी आहे काय, असे विचारणाऱ्याने स्वतःलाच मोजावे, तसा हा प्रकार. याच चुकीवर आधारलेल्या, म्हणून कधीच धोक्याची घंटा न वाजविणाऱ्या तपासणी-आज्ञावल्या प्रस्तुत लेखकाने पाहिल्या आहेत. ‘पीग्रेप’ ही आज्ञा स्वतःला मोजत नाही, म्हणून ती अधिक बरी. मात्र कर्नल प्रक्रियेचे नाव १५ अक्षरांपुरतेच राखतो, त्यामुळे लांब नाव पूर्ण देऊन शोधल्यास तिला काहीच सापडत नाही.

‘किल’ या नावाबद्दल

‘किल’ ही आज्ञा मुळात मारत नाही, संदेश देते. क्रमांक न दिल्यास १५ क्रमांकाचा संदेश जातो. त्याचा अर्थ ‘आवरते घ्या’ असा आहे. प्रक्रियेस अर्धवट लेखन पूर्ण करण्याची, फाइली बंद करण्याची संधी मिळते. ९ क्रमांकाचा संदेश प्रक्रियेपर्यंत पोहोचतच नाही. कर्नल परस्पर तिला संपवितो. आणि शून्य क्रमांक दिल्यास काहीच पाठविले जात नाही, केवळ त्या पीआयडीची प्रक्रिया आहे काय व तिला संदेश देण्याचा आपणास अधिकार आहे काय, एवढे तपासले जाते. स्थिती पाहण्याचे हे बहुधा सर्वांत हलके साधन. नावामुळे ते कोणाच्या ध्यानी येत नाही.

भार-सरासरी

‘अपटाइम’ किंवा ‘टॉप’ यांच्या पहिल्या ओळीत तीन आकडे दिसतात. हे अनुक्रमे १, ५ आणि १५ मिनिटांच्या भाराच्या सरासरीचे द्योतक होत. ‘भार ४ म्हणजे वाईट’ असा सरसकट नियम सांगितला जातो, तो चुकीचा आहे. आठ प्रोसेसरांच्या यंत्रावर ४ हा मध्यम भार होय. प्रोसेसर किती आहेत हे ‘एनप्रॉक’ या आज्ञेने कळते.

लिनक्सचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घ्यावे लागते. इतर युनिक्स प्रणालींत हा आकडा प्रोसेसरच्या रांगेतील प्रक्रियांचा असतो. लिनक्समध्ये १९९३ पासून त्यात ‘डी’ अवस्थेतील प्रक्रियाही मोजल्या जातात. परिणामी प्रोसेसर जवळजवळ रिकामा असताना भार-सरासरी ३० वर गेलेली दिसू शकते. नेटवर्कवरील सामाईक डिस्क तुटली, की नेमके असे होते. अशा वेळी अधिक वेगवान प्रोसेसर विकत घेण्याचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे ठेवणे म्हणजे पैशाचा अपव्यय.

व्यवस्थापकाची साक्ष

पूर्वी सेवा सुरू-बंद करण्याचे काम शेलमधील लहान आज्ञावल्या करीत. सेवा सुरू होताना तिचा पीआयडी एका फाइलीत लिहून ठेवला जाई आणि स्थिती विचारली असता ती फाइल पाहिली जाई. सेवा कोसळली तरी फाइल मागे उरत असे. ‘प्रक्रिया मृत, पीआयडी फाइल शिल्लक’ अशा स्थितीसाठी स्वतंत्र निर्गम-क्रमांकच ठरवून देण्यात आला होता. २०१० मध्ये सिस्टीमडी प्रथम प्रसिद्ध झाले. २०१४ मध्ये रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीने आणि २०१५ मध्ये डेबियन ८ व उबुंटू १५.०४ यांनी ते मूळ व्यवस्थापक म्हणून स्वीकारले. आज बहुसंख्य सर्व्हरांवर ‘सिस्टीमसीटीएल स्टेटस’ या आज्ञेने सेवेची स्थिती, तिच्या सर्व प्रक्रिया आणि नोंदवहीतील अखेरच्या काही ओळी एकत्र मिळतात. सिस्टीमडी सेवेच्या सर्व अपत्यांचा गट कर्नलच्याच मदतीने सांभाळते, त्यामुळे जुन्या फाइलीवर विसंबण्याची गरज पुष्कळ कमी झाली.

तरीही त्या उत्तरातील दोन शब्द नीट वेगळे करावे लागतात. ‘एनेबल्ड’ म्हणजे यंत्र सुरू होताना ही सेवा सुरू व्हावी असे ठरविलेले आहे. ती आत्ता चालू आहे असा त्याचा अर्थ नव्हे. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे आत्ता चालू. परंतु त्यापुढे ‘एक्झिटेड’ असे लिहिलेले असल्यास आपले काम करून प्रक्रिया संपलेली आहे. आणि हिरव्या अक्षरांतील ‘ॲक्टिव्ह, रनिंग’ हे आश्वासक शब्दसुद्धा मुख्य प्रक्रिया जिवंत असल्याची ग्वाही देतात. ती काय करते आहे, हे सामान्यतः सिस्टीमडीस ठाऊक नसते.

सेवेलाच विचारणे

मग विचारावयाचे कोणाला? एक पायरी पुढे जाऊन पोर्ट पाहता येते. ‘एसएस -एलटीएन’ ही आज्ञा कोणत्या पोर्टवर ऐकणारा आहे ते दाखविते. जुन्या टिपणांत यासाठी ‘नेटस्टॅट’ आढळते. पत्त्याचा स्तंभ येथे महत्त्वाचा. १२७.०.०.१ असा पत्ता असेल तर सेवा केवळ त्याच यंत्रास उत्तर देईल, बाहेरच्यास नाही. सर्व्हरवर सर्व आलबेल आणि प्रयोगशाळेतून काहीच उघडत नाही, या तक्रारीचे उत्तर अनेकदा या एका स्तंभात असते.

त्यापुढची पायरी म्हणजे सेवेला तिच्याच भाषेत प्रश्न विचारणे. पोस्टग्रेससाठी २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून ‘पीजी-इजरेडी’ ही आज्ञा आहे. सर्व्हर जोडण्या घेत असल्यास तिचा निर्गम-क्रमांक ०, सुरू होत असल्यामुळे वा अन्य कारणाने नाकारीत असल्यास १, उत्तरच न आल्यास २. हा भेद विचारपूर्वक केलेला आहे. मायएसक्यूएलची ‘मायएसक्यूएलॲडमिन पिंग’ मात्र अधिक उदार आहे : परवलीचा शब्द चुकला आणि प्रवेश नाकारला गेला तरी ती ‘सर्व्हर जिवंत’ असेच उत्तर देते, कारण नकार देण्यासाठीही कोणीतरी जिवंत असावे लागते. तर्क निर्दोष आहे; वापरकर्त्याच्या दृष्टीने मात्र तो निरुपयोगी. वेबपानासाठी ‘कर्ल’ वापरताना केवळ २०० हा संकेतांक पाहून थांबू नये. ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असे सांगणारे पानही कित्येकदा २०० याच संकेतांकासह येते.

प्रश्न विचारताना कालमर्यादा घालणे तितकेच आवश्यक आहे, अन्यथा अडकलेल्या सेवेसोबत तपासणीही अडकते. ‘टाइमआउट ५’ ही शब्दयोजना आज्ञेच्या आधी ठेवली, की पाच सेकंदांत उत्तर न आल्यास आज्ञा थांबविली जाते आणि १२४ हा निर्गम-क्रमांक मिळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते डेटाबेसची खरी तपासणी एकच : तपासणीसाठी राखलेल्या लहानशा टेबलात एक ओळ लिहावी आणि ती परत वाचावी, अशा कालमर्यादेत.

त्या दुपारी काय घडले होते

गुणांच्या पानामागील टेबले मायआयसॅम या प्रकारची होती. २०१० मधील ५.५ आवृत्तीपूर्वी मायएसक्यूएलची तीच मूळ निवड असे. डेटाबेस ज्या पार्टिशनवर होता तेथेच रोज रात्री त्याची राखीव प्रत ठेवली जाई, आणि जुन्या प्रती काढण्याचे काम कोणाकडेच नव्हते. त्या दुपारी पार्टिशन भरले.

डिस्क भरली असता मायएसक्यूएल कोसळत नाही. लेखन थांबवून ते जागेची वाट पाहते. दर मिनिटास जागा झाली काय ते तपासते आणि दर दहा मिनिटांनी त्रुटींच्या नोंदवहीत इशारा लिहिते. मधल्या काळात ती प्रक्रिया केवळ निजलेली असते : अवस्था ‘एस’, प्रोसेसरचा वापर शून्याजवळ, भार-सरासरी कमी. म्हणजे निरोगी, रिकाम्या सर्व्हरचे जे चित्र, तेच हुबेहूब याचेही. परंतु लिहिणाऱ्या त्या एका विनंतीने टेबलाला कुलूप लावलेले असते, त्यामुळे मागून आलेल्या सर्व विनंत्या, अगदी नुसते वाचणाऱ्याही, तिच्यामागे रांगेत उभ्या राहतात. ‘मायएसक्यूएलॲडमिन प्रोसेसलिस्ट’ या आज्ञेने ही रांग एका दृष्टिक्षेपात दिसली असती. जोडण्यांची मर्यादा संपली असती तरीही. कारण त्या मर्यादेपलीकडे एक जोडणी सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी राखीव असते. ‘डीएफ -एच’ या आज्ञेने भरलेले पार्टिशन दिसले असते. त्रुटींची नोंदवही दुसऱ्या पार्टिशनवर होती आणि तीत इशारे लिहिलेले होते. आम्ही तिघांपैकी कोणीही ती उघडली नाही, कारण प्रक्रिया चालू होती.

९ क्रमांकाचा संदेश दिल्यावर रांगेतील सर्व नोंदी नाहीशा झाल्या आणि अर्धवट लेखनात असलेले टेबल बिघडले. दुरुस्तीची आज्ञा दिली तेव्हा तीही जागेअभावी थांबली आणि तेव्हा कुठे आमचे लक्ष डिस्ककडे गेले. बहुतेक सहकाऱ्यांजवळ गुणांचे कागद होते. त्यांनी रात्री नऊपर्यंत बसून ते पुन्हा भरले. एका सहकाऱ्यांनी मात्र आपल्या तुकडीचे गुण थेट पडद्यावर भरून जतन करण्याची कळ दाबली होती, आणि तपासलेल्या चाचण्या त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांस परत दिल्या होत्या. त्यांना सोमवारी एकेका विद्यार्थ्यास बोलावून उत्तरपत्रिका परत मागाव्या लागल्या. काही मिळाल्या नाहीत आणि त्या विद्यार्थ्यांची चाचणी पुन्हा घ्यावी लागली.

नंतर पाहिले असता गेल्या वर्षीच्या राखीव प्रतींनी निम्म्याहून अधिक पार्टिशन व्यापले होते. त्यांपैकी एक जरी काढली असती, तर मायएसक्यूएलला पुढच्या तपासणीत, म्हणजे फार तर एका मिनिटाने, जागा मिळाली असती. आणि त्या तुकडीच्या गुणांसह रांगेतील नोंदी एकामागून एक लिहिल्या गेल्या असत्या.